कुठला डोळा, ते बटणने ठरवायचं

३ मे, शनिवार

ताई आज सहा आठवड्यांच्या ट्रेनिंगला गेली. ऑपरेशन थिएटरची नर्स व्हायचं तर ते करावंच लागतं. भावजी जहाजावर, सप्टेंबरशिवाय येत नाहीत. त्यामुळे भाची माझ्या ताब्यात. 'ताब्यात' हा शब्द चुकला. माझ्या सहवासात.

भाची पाच वर्षांची. तिला घरात सगळे बटण म्हणतात, कारण माझ्या आईच्या शिवणाच्या दुकानात रांगताना तिने एकदा बटण गिळलं होतं. तिचा डावा डोळा आळशी आहे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय की चांगला, म्हणजे उजवा डोळा रोज सहा तास पट्टी चिकटवून झाकायचा. मग डाव्याला काम करावंच लागतं. वय वाढलं की हे जमत नाही, म्हणून आत्ताच. १४ जूनला तपासणी.

ताईने पट्ट्यांचे बॉक्स माझ्या हातात दिले, आईच्या नाही. म्हणाली, तू शिकलेली आहेस, तुझ्या लक्षात राहील. आई तिथेच चष्मा पुसत होती. पुसत राहिली.

आमच्या घरातली पहिली पदवी माझी. विषय बालमानसशास्त्र. जूनपासून बालवाडीत मदतनीस शिक्षिका म्हणून रुजू होणार आहे, आणि २४ मेच्या पालकसभेत मुख्याध्यापिकाबाईंनी मला दहा मिनिटं बोलायला दिली आहेत. विषय मीच निवडला: मोकळीक की धाक?

निश्चय: सहा आठवडे 'नाही' हा शब्द वापरायचा नाही. 'मी सांगते म्हणून' हे तर मुळीच नाही. मी या घरात ते वाक्य ऐकत मोठी झाले. ही साखळी माझ्यापाशी तुटेल.

४ मे, रविवार. सकाळी १०

बटणला समोर बसवून डोळा, मेंदू आणि त्यांच्यामधला रस्ता समजावून सांगितला. आकृतीही काढली. तिने विचारलं, त्या रस्त्यावर सिग्नल असतो का. उत्तम प्रश्न. कुतूहल जागं झालं की शिस्तीची गरज उरत नाही.

१०.२०

पट्टी लावली. उजवा डोळा.

१०.२५

काढली. बटण दाराच्या चौकटीवर आपटली आणि खाली बसून रडायला लागली. मावशी, सगळं पुसलं गेलं, म्हणाली. घड्याळ कुठे गेलं? तुझं तोंड कुठे गेलं? मी म्हणाले, इथेच आहे की. ती म्हणाली, नाहीये.

पहिला दिवस फक्त ओळखीचा.

५ मे

चार मिनिटं. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी खाली येऊन विचारलं, कुणाला लागलंय का.

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. रडले नाही. चेहरा धुतला, एवढंच.

६ मे

सापडलं!

रात्री जुन्या नोट्स चाळल्या. मुलाला हुकूम द्यायचा नाही, दोन पर्याय द्यायचे. लाल फ्रॉक की निळा? आधी ब्रश की आधी आंघोळ? निवड त्याची असली की विरोध मावळतो. मी किती मूर्ख. मी बटणला पर्यायच दिला नव्हता!

सकाळी पट्टी हातात घेऊन विचारलं, आज कुठल्या डोळ्यावर लावू या, या की या?

तिने क्षणाचाही विचार न करता डावा दाखवला.

लावली. दहा ते चार, सहा तास. एकदाही हात लावला नाही. चित्रं काढली, गाणी म्हटली, जिन्यावरून पळत खाली-वर केलं. मला येऊन मिठी मारली. दोनदा.

डोळा बदलायचा आहे, हे मला माहीत आहे. पण आधी पट्टीशी मैत्री, मग डोळा. हा आठवडा फक्त सवयीचा.

संध्याकाळी ताईचा फोन. मी म्हणाले, सहा तास. ती ओरडलीच, काय सांगतेस! कशी लावलीस गं? मी म्हणाले, विचारून.

यात खोटं काहीच नाही.

९ मे

रोज सहा तास. एक थेंब अश्रू नाही.

बाबांना माझी पद्धत समजावून सांगितली. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. जेवता जेवता ऐकून घेतलं आणि म्हणाले, आम्हीही लिफ्टला विचारत जाऊ का आता, बाईसाहेब, वर जायचंय की खाली? आई हसली. मी म्हणाले, मूल म्हणजे यंत्र नव्हे. बाबा म्हणाले, ते खरं, यंत्र मध्येच अडकलं की निदान गप्प बसतं.

आईने विचारलं, पट्टी लावतेस ना? मी म्हणाले, रोज. आई दुकानात सकाळी नऊला जाते आणि सहाला येते, त्यामुळे पट्टी तिच्या नजरेला पडत नाही. हा निव्वळ योगायोग.

१२ मे, सोमवार

आज डोळा बदलायचा होता. बटणला सर्दी झाली. सर्दीत डोळ्यांवर ताण नको. पुढच्या सोमवारी.

भाषणासाठी वहीत दोन रकाने आखले. डावीकडे 'धाक', उजवीकडे 'मोकळीक'. धाकाच्या रकान्यात आईचं सगळं लहानपणापासूनचं लिहून काढलं. आठला झोप. केसांना तेल. भाजी संपवल्याशिवाय उठायचं नाही. सातच्या आत घरात. पानं भरली. मोकळीक या रकान्यात एकच गोष्ट सुचली: कॉलेजात कुठला विषय घ्यायचा, हे मला कुणीच सांगितलं नाही. पण ती मोकळीक म्हणता येणार नाही. त्यांना कळत नव्हतं म्हणून ते गप्प बसले. आई फॉर्मवर सही करायला आली तेव्हा तिने फक्त विचारलं होतं, एवढंच ना? की आणखी कुठे करायची?

ते वाक्य खोडलं. भाषणात बसत नाही.

१५ मे

बटणला विचारलं, उद्या या डोळ्यावर लावून बघू या का, पाच मिनिटं? ती म्हणाली, तू म्हणालीस मी ठरवायचं. पाच वर्षांच्या मुलीला स्वतःच्या हक्काची इतकी जाणीव! भाषणात घेते.

१९ मे, सोमवार

पालकसभा पाच दिवसांवर. घरात वातावरण शांत हवं. डोळा २६ ला बदलायचा. तारीख कॅलेंडरवर लाल पेनने लिहिली. मग आईला दिसेल म्हणून वर खिळ्याला थैली अडकवली.

ताईचा फोन. हॉस्टेलमधल्या सगळ्या नर्सना तिने माझ्याबद्दल सांगितलंय. एकीचा मुलगा पट्टी लावू देत नाही, तिला माझा नंबर हवाय. मी म्हणाले, नको गं, मी काय विशेष केलं. ताई म्हणाली, विनय बघा आमच्या बाईंचा.

त्यानंतर फोन बंद करून ठेवला. भाषणाची तयारी होती.

२३ मे, शुक्रवार

भाषणाची तयारी दाखवायला शाळेत बोलावलं होतं, म्हणून बटणला अकरा वाजता दुकानात सोडलं. पट्टी लावलेली होती. मी दारातूनच परत फिरले. आई खाली वाकून कुणाच्या तरी पँटची शिलाई उसवत होती. तिने वर पाहिलं नव्हतं.

दोनला परत गेले. पट्टी उजव्या डोळ्यावर. बटणचं नाक लाल, गाल ओले. कापायच्या टेबलाखाली बसून चिंध्यांची बाहुली गुंडाळत होती आणि अधूनमधून हुंदके देत होती.

आईने मला आत बोलावलं. आवाज चढवला नाही. हा डोळा कुणी ठरवला, म्हणाली. मी म्हणाले, तिने स्वतः. आई म्हणाली, तिनेच ठरवायचं तर तू कशाला आहेस घरात? मी सांगायला लागले, आई, यामागे एक विचार आहे. आई म्हणाली, किती दिवस? मी म्हणाले, विचार असा आहे की. आई म्हणाली, किती दिवस?

अठरा.

तिने सुई पिनकुशनमध्ये खोचली. मग म्हणाली, दीड तास रडली. दोन गिऱ्हाईकं पळून गेली. तुला तिचं रडणं ऐकवत नाही, हे मला माहितीय. मलाही ऐकवत नाही. म्हणून मी मशीन चालू ठेवते.

आणि म्हणाली, ताईला तू सांगायचंस. मी सांगितलं तर ती चुगली होईल.

धाकाचं याहून ठळक उदाहरण मिळणार नाही. पण उद्याच्या भाषणात घेत नाही. व्यक्तिगत होईल.

२४ मे, शनिवार. सभेनंतर

चांगलं झालं. साठेक पालक. 'माझ्या ओळखीची एक पाच वर्षांची मुलगी' असं म्हणून सांगितलं, की ती रोज सहा तास डोळ्यावर पट्टी लावते, आणि तीही स्वतःच्या निवडीने. टाळ्या पडल्या. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, लिहून द्या, नोटीस बोर्डवर लावू.

मागच्या रांगेतल्या एका वडिलांनी हात वर केला. रिक्षावाले असावेत, खाकी शर्ट होता. म्हणाले, मॅडम, मग डोळा बरा झाला का तिचा?

मी म्हणाले, प्रक्रिया सुरू आहे.

ते म्हणाले, हां, आणि खाली बसले. सगळ्या सभेत तेवढा एकच प्रश्न आला, आणि माझ्या डोक्यात अजून तोच आहे.

२६ मे, सोमवार

रात्रभर विचार केला. कबूल करते, मोकळीक थोडी जास्त झाली. आता ठामपणा. आईसारखा अडाणी धाक नव्हे, शास्त्रीय ठामपणा. तक्ता केला. दर तासाला एक चांदणी. अलार्म लावला. चांदण्या नाहीत तर टीव्ही नाही, टीव्ही नाही तर गोष्ट नाही, गोष्ट नाही तर बाग नाही. बटणला नियम वाचून दाखवले. सतरा नियम होते. आजपासून तिने दुकानात जायचं नाही, घरीच शिकायचं.

आई म्हणाली, बघ बाई. पण डोळा उजवा.

दुपारी १

पट्टी लावली, तिने काढली. दुसरी लावली, तीही काढली. चांदणी शून्य. टीव्ही रद्द, गोष्ट रद्द, बाग रद्द. साडेअकरापर्यंत रद्द करण्यासारखं घरात काही उरलं नाही. मी म्हणाले, मी सांगते म्हणून!

हे वाक्य माझ्या तोंडून आलं. नोंद करते आणि पुढे जाते.

दुपारी ३

मी डोकं धरून बसले असताना बटणने उरलेल्या पट्ट्या चिकटवल्या. एक फ्रिजला. एक बाबांच्या हेल्मेटला. एक मुख्याध्यापिकाबाईंनी दिलेल्या आभारपत्राला. एक माझ्या पदवीदानाच्या फोटोत, माझ्या उजव्या डोळ्यावर. डोळा मात्र बरोबर निवडला.

२७ मे

बटण सकाळी उठून चपला घालून दाराशी उभी. मी विचारलं, कुठे? म्हणाली, आजीच्या दुकानात. मी म्हणाले, तिथे पट्टी लावतात. ती म्हणाली, माहितीय. मी म्हणाले, तिथे तू रडलीस. ती म्हणाली, हो, मग मी बाहुली केली.

जाऊ दिलं.

३० मे, शुक्रवार

निरीक्षणासाठी दुकानात बसले. वही घेऊन गेले. आईने स्टूल सरकवलं आणि म्हणाली, बसायचंच आहे तर हुक लाव. चार ब्लाउजना हुक लावले.

दहा वाजता आईने टेपने माप घ्यावं तशी पट्टी घेतली आणि लावली. प्रश्न नाही, भाषण नाही, लाडीगोडी नाही. बटण भोकाड पसरणार इतक्यात आईने मशीन सुरू केलं. बटणने मशीनच्या वरताण रडायचा प्रयत्न केला, दमली, आणि खाली सांडलेल्या टाचण्या चुंबकाने गोळा करायला लागली. नाक जमिनीला लावून एकेक शोधत होती. आई म्हणाली, तिकडे एक चमकतेय बघ, तुला दिसते का? दिसली.

मी रकाने उघडले. पट्टी: धाक. मग बघते तर बटणच्या हातात खरी कात्री. केसांना तीन दिवस कंगवा नाही. फ्रॉक उलटा. जेवण टेबलाखाली, बाहुलीच्या ताटात. गिऱ्हाईक बाईंना ती म्हणाली, तुम्ही मागच्या वेळेपेक्षा जाड झालात. आईने तिला दटावलंसुद्धा नाही, माप बघून म्हणाली, दोन इंच.

हे सगळं मोकळीक या रकान्यात लिहिलं. तो रकाना भरून वाहिला. एकाच बाईचे दोन्ही रकाने भरले तर उदाहरण बाद करावं लागतं.

शेवटी आईलाच विचारलं, तुझं धोरण तरी काय आहे? ती दाताने दोरा तोडत म्हणाली, कसलं काय? मी म्हणाले, कशाला हो म्हणायचं, कशाला नाही. ती म्हणाली, पट्टीबद्दल तिला विचारायचं नाही. बाकी ती काय करते ते मी कुठे बघत बसू? मला कामं आहेत.

६ जून

विचारान्ती असं लक्षात आलं की आईची पद्धत हा माझ्याच पद्धतीचा पुढचा टप्पा आहे. माझ्या अठरा दिवसांनी पाया घातला. पट्टीची भीती मी घालवली. आई त्याच्यावर भिंत उभारते आहे.

हे बाबांना सांगितलं. बाबांनी हातातला चहा खाली ठेवला. मग म्हणाले, पाया खणला की आधी खड्डाच दिसतो, नाही का?

ताईला आज सांगायचं होतं. तिची परीक्षा आहे. तिचं मन विचलित करणं बरं नव्हे.

१२ जून

ताई आली. पास झाली. बटण तिच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, आई, मी उलटे आकडे मोजून दाखवू, लांबून टाचणी दाखवू? ताईने मला सगळ्यांदेखत जवळ घेतलं. माझ्यासाठी तिने घड्याळ आणलंय. चांगलं, स्टीलच्या पट्ट्याचं.

आईने माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे पाहिलं.

१३ जून

आज सांगायचं होतं. ताई दमली होती, दुपारी झोपली. संध्याकाळी पाहुणे आले. रात्री मी झोपले.

१४ जून, शनिवार

सकाळी अकराला डॉक्टरीणबाईंकडे तिघी गेलो. उजवा डोळा झाकून बटणला तक्त्यावरची चित्रं वाचायला लावली. घर, छत्री, मासा. पुढच्या ओळीला ती थबकली. मी नकळत ओठांनी 'बदक' करत होते. डॉक्टरीणबाई वळून म्हणाल्या, मावशी, तुमची तपासणी नाहीये.

एक ओळ. सहा आठवड्यांत फक्त एका ओळीचा फरक.

डॉक्टरीणबाईंनी ताईला विचारलं, पट्टी रोज लावली होती ना, सहा तास? ताई म्हणाली, एक दिवस चुकला नाही, ही माझी बहीण, ग्रॅज्युएट आहे, मला रोज तास सांगायची. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, मग जरा विचार करावा लागेल. एवढं लावूनही डोळा दाद देत नसेल तर उगीच मुलीला छळण्यात अर्थ नाही. पट्टी थांबवू या. याच्याकडून जास्त अपेक्षा ठेवू नका.

ताई फाइलचा कोपरा अंगठ्याने दुमडत राहिली. बटण फिरत्या स्टूलवर बसून गरगर फिरत होती.

मला वाटलं, आता आई बोलेल. आई दुकानात होती.

मी उभी राहिले. म्हणाले, डॉक्टर, मुलाच्या स्वायत्ततेबद्दल माझा असा एक दृष्टिकोन होता की. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडक्यात सांगा, बाहेर रांग आहे. मी म्हणाले, पट्टी डाव्या डोळ्यावर होती. अठरा दिवस. त्याआधी दोन दिवस जवळजवळ नव्हतीच. उजव्यावर फक्त तीन आठवडे, तेही माझ्या आईने लावली.

खोलीत स्टूलचा कुरकुर आवाज येत होता.

डाव्यावर का? डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी म्हणाले, तिला विचारलं होतं. बटण फिरता फिरता म्हणाली, हो, मावशीने मला विचारलं, मी खरं खरं सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर आधी लिहिलेलं खोडलं. मोठ्या अक्षरात काहीतरी लिहिलं. म्हणाल्या, तीन आठवड्यांत एक ओळ म्हणजे डोळा चांगला ऐकतोय. अजून बारा आठवडे. उजवा. आणि माझ्याकडे बघून पुन्हा एकदा म्हणाल्या, उजवा.

जिना उतरताना ताई माझ्या पुढे चालली. बस स्टॉपवरही पाठ करून उभी राहिली. घड्याळ काढून परत द्यावं का, असा विचार मनात आला, पण पट्टा घट्ट होता, निघेना. मी म्हणाले, ताई, माझी चूक झाली. ती म्हणाली, झाली. मी म्हणाले, मी तुला सांगणार होते. ती म्हणाली, कधी, तिच्या लग्नात?

मग बस येताना दिसली तेव्हा म्हणाली, उद्यापासून पट्टी सकाळी सातला तू लावायचीस. बाराही आठवडे.

मी म्हणाले, म्हणजे तुझा माझ्यावर अजून विश्वास आहे.

ताई बटणला कडेवर घेऊन पायरी चढली आणि आतून म्हणाली, विश्वासाचं नंतर बघू गं, माझी ड्यूटी सातची आहे.